नियम मोडणारे सगळे एका माळेचे मणी नव्हते

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कोरोनाच्या साथीत, मे 2020 मध्ये, मुंबईहून आलेल्या तुमच्या वडिलांना वाडीच्या तोंडावर बांबू आडवा टाकून अडवलं, तेव्हापासून त्यांनी शिमग्याला गावी येणं सोडलं; यात गाव चुकलं की वडील? आणि पुन्हा अशी साथ आली तर नियम धाब्यावर बसवणाऱ्यांशी गावाने कसं वागावं? त्यावर आलेल्या उत्तरांत कुणी 'आपली माणसं मुळातच बेफिकीर' म्हणतंय, कुणी 'गाववाल्यांनी माणुसकी सोडली' म्हणतंय. मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी राजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. त्या काळात इतर शिक्षकांसारखी मलाही तपासणी नाक्यावर नोंदी करायची ड्युटी लागली. वाडीच्या ग्राम कृती दलात, म्हणजे साथीसाठी नेमलेल्या गावच्या समितीत, होतो, आणि शाळा विलगीकरणासाठी घेतली तेव्हा तिच्या चाव्या माझ्याकडे होत्या. त्यामुळे अडवणारे आणि अडवले गेलेले, दोघांचंही म्हणणं तोंडावर ऐकलंय.

आधी वडिलांची बाजू. 25 मार्च 2020 पासून सगळं बंद झालं, रेल्वे नाही, एसटी नाही. भांडुप, दिवा, नालासोपारा इथल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं, चाळीला सामाईक संडास, आणि सरकार सांगतंय अंतर ठेवा. कसं ठेवणार? पगार थांबलेला. गावाला मात्र स्वतःचं घर, खळं, विहीर, कणगीत भात. माणूस गावाकडेच धाव घेणार. लोक कोकण रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत आले, रात्रीच्या मोटारसायकलवर आले, काही मच्छीमारी बोटीतूनही आले. नाक्यावर पायाला फोड आलेली माणसं समोर बसायची आणि आम्ही त्यांना 'कुठून आलात, पास आहे का' विचारायचो. त्यांना नियम मोडणारे म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आजही रेटत नाही.

आता गावाची बाजू. वाडीत राहिलंय कोण? म्हातारी माणसं. कमावते सगळे मुंबईत. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर एखादा, तोही दहा गावं सांभाळणारा. रत्नागिरीत तपासणीची सोय नव्हती तोवर स्वॅब मिरजेला जायचे आणि अहवाल येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. मे महिन्यात पास मिळू लागले आणि गाड्यांची रीघ लागली, तेव्हा गाव घाबरलं ते उगाच नाही. दम्याने वाकलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीला घेऊन बसलेल्या घराला 'तुम्ही माणुसकी सोडलीत' म्हणणंही अन्यायाचंच.

भीती खरी होती, पण तिच्या नावाखाली जे झालं ते सगळं बरोबर नव्हतं. साथरोग कायदा 1897 चा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. या दोन्हींखालचे आदेश काढायचा अधिकार जिल्हा प्रशासनाचा. कृती दलाने नाव लिहून घ्यायचं, विलगीकरणाची सोय करायची, आरोग्य केंद्राला कळवायचं. माणसाला त्याच्या स्वतःच्या घरापासून हाकलून परत मुंबईला पाठवायचा अधिकार कुठल्याही सरपंचाला, पोलीस पाटलाला किंवा गावकीला, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीला, नव्हता. तुमच्या वडिलांना थांबवून 'चौदा दिवस वेगळे राहा, जागा आम्ही देतो' म्हटलं असतं तर गाव बरोबर होतं. जागा न देता नुसता बांबू टाकला असेल तर गाव चुकलं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण गावातलं कुणी ते त्यांना समोर येऊन म्हटलं नसेल.

नियम कोण पाळतं आणि कोण मोडतं, हे मला एका गोष्टीतून नीट कळलं. आमच्या शाळेत विलगीकरण सुरू झालं. दोन वर्ग, मुलांच्या उंचीची शौचालयं, पाणी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून आणायचं, वर पत्रा आणि मे महिन्याचा उकाडा. दोन कुटुंबांतल्या बायका-मुली एका वर्गात. पाऊस सुरू झाला तसे विंचू निघायला लागले. माणसं रात्री हळूच घरी जाऊन पहाटे परत यायला लागली, आणि गावभर बोंब झाली की मुंबईकर नियम पाळत नाहीत. शेजारच्या वाडीने वेगळं केलं. कोकणात प्रत्येक वाडीत कुलूप लावलेली घरं असतात, चावी शेजाऱ्याकडे असते. त्यांनी मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या, सेक्रेटरीला फोन लावून मालकांची परवानगी घेतली, घरं झाडून ठेवली आणि येणाऱ्या एकेका कुटुंबाला एकेक घर दिलं. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, रॉकेल आधीच ठेवलेलं. सकाळी कुणीतरी गडग्यावर (दगडी कुंपणावर) दूध ठेवून लांबूनच हाक मारायचं. तिथून मुदत संपेपर्यंत कुणी बाहेर पडलं नाही. दोन्हीकडची माणसं एकाच भावकीतली होती. फरक होता तो नियम पाळता येण्याजोगा केला होता की नाही, एवढाच.

माशांचंही तेच. टाळेबंदीत होड्या मिरकरवाड्याला, हर्णैला उभ्या राहिल्या, नेपाळचे आणि परराज्यांतले खलाशी बोटींवर अडकले. मासेमारीला परवानगी मिळाली तेव्हा 1 जूनची बंदी डोक्यावर आलेली. मासळी थांबत नाही, बर्फ पुरत नाही, किनाऱ्यावरचा लिलाव माणसं जमल्याशिवाय होत नाही. मग गर्दीचे फोटो फिरले आणि सगळा कोळी समाज बेजबाबदार ठरला. त्या फोटोंनी मला फार त्रास झाला. घरात बसून फोटो पुढे पाठवणाऱ्याचा पगार चालू होता. लिलावाच्या वेळा वाटून देणं, होड्यांना पाळीने लावणं, हे बोलायला बंदरावर कुणी बसलं नाही, तिथे दंडुका चालत नाही.

हापूसवाल्यांवर तर पूर्ण हंगाम कोसळला होता. पुढे एसटीने मालवाहतूक सुरू केली, तोवर ज्याला जमेल तशी त्याने पेटी मुंबईला पोचवली. त्यातली प्रत्येक गाडी कागदात बसत नव्हती. मी त्याला बेफिकिरी म्हणणार नाही.

मग खरे बेफिकीर कोण? होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात दयामाया नाही. 2020 मध्ये लग्नाला 50 माणसांची मर्यादा होती. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारच्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांचे नियम कडक झाले तेव्हा 25 माणसं, दोन तासांत कार्य आटोपायचं आणि मोडलं तर 50,000 रुपये दंड. तरी हळद एका घरी, लग्न दुसऱ्या घरी, जेवणावळ तिसऱ्या घरी, असं विभागून दोन-अडीचशे माणूस जमवणारे होते. अंगात ताप असताना गोळी घेऊन उत्तरकार्याला बसणारे होते. आणि सर्वांत वाईट, नाक्यावरून काच खाली न करता जाणारी वजनदार माणसांची गाडी. माझ्या वहीत रिक्षावाल्याची नोंद आहे, त्या गाडीची नाही. गावात अशी एक गाडी आली की दुसऱ्या दिवशी दहा माणसं मास्क खिशात घालतात, आणि त्यांना बोलायला तुम्हाला तोंड राहत नाही. तोंडाला रुमाल न बांधलेल्या दहा माणसांपेक्षा त्या एका गाडीने जास्त नुकसान केलं, असं माझं ठाम मत आहे.

2020 च्या गणपतीत आणखी एक गोष्ट दिसली. चतुर्थी 22 ऑगस्टला. राज्याने सांगितलं, 12 ऑगस्टच्या आत पोचा, दहा दिवस विलगीकरण करा, त्यानंतर येणाऱ्याने तपासणी करून यावं. काही गावांनी त्याआधीच चौदा दिवसांचे ठराव करून ठेवलेले. एसटीत एका गाडीला 22 प्रवासी. आणि गणपतीच्या खास रेल्वेगाड्या सुटल्या 15 ऑगस्टपासून, म्हणजे मुदत उलटल्यावर! सरळ चालणाऱ्या चाकरमान्याने काय पाळायचं? त्या आठवड्यात नाक्यावर जे भांडण झालं, त्यातलं अर्धं या घोळाचं होतं.

तरी सण कसा पार पडला बघा. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, आरती ज्याच्या त्याच्या घरी, घरोघर फिरणारी भजनं बंद. बऱ्याच घरांनी दीड दिवसावर आटोपलं. 2021 च्या शिमग्याला कित्येक गावांत पालखी घरोघर गेली नाही, माणसं पाळीपाळीने देवळात गेली. कोकणातल्या माणसाला पालखी दारात न येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तरी ऐकलं, कारण गावकीने बसून ठरवलं आणि मानकऱ्यांच्या घरीही पालखी गेली नाही.

म्हणून 'आपली माणसं मुळातच बेशिस्त' हे वाक्य मला खोटं वाटतं. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात, चिंदरात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहतं. पोलीस नाही, दंड नाही. श्रीमंत-गरीब, सगळेच घर सोडतात. पुढच्या साथीत देवाच्या नावावर नियम खपवा असं मी म्हणत नाही, तसं अजिबात करू नये. पण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आणि सगळ्यांना सारखं लागू असलेलं बंधन इथला माणूस पाळतो, हे नाकारता येणार नाही.

दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, भीतीने लपवालपवी फार वाढली. मे अखेरीस सरकारने 18 जिल्ह्यांत घरच्या घरी विलगीकरण बंद केलं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही त्यात. म्हणजे पॉझिटिव्ह आलात की कोविड सेंटर. हेतू चांगला होता, छोट्या घरात एकाचा आजार सगळ्यांना होत होता हे खरं. पण लोकांनी अर्थ काढला की स्वॅब दिला की उचलून नेणार. मग आशाताई दारात आली की 'घरात कुणी नाय' असं आतून उत्तर. बोटाला ऑक्सिमीटर लावू देईनात. माणसं दवाखान्यात गेली ती धाप लागल्यावर, फार उशिरा. त्यातच मे महिन्यात तौक्ते वादळ आणि 22 जुलैला चिपळूणचा पूर. पोटमाळ्यावर जीव वाचवून बसलेल्या माणसाला अंतर राखा कोण सांगणार?

आशाताईंवर लोक ओरडले, त्यांच्या अंगावर धावूनही गेले, त्याची मला आजही चीड आहे. महिन्याला हजार रुपये कोविड भत्त्यावर त्या उन्हातान्हात फिरत होत्या. साथीत आरोग्य कर्मचाऱ्यावर हात टाकला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद, अशी दुरुस्ती 2020 मध्येच साथरोग कायद्यात झाली आहे. अशा माणसाशी चर्चा करत बसू नका, सरळ तक्रार द्या.

बाकीच्यांच्या बाबतीत आधी विचारा, 'का बाहेर पडलास?' औषध संपलं, गुरांना वैरण नाही, संडास बाहेर आहे, अशी उत्तरं आली तर ते काम गावाने अंगावर घ्यावं. बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो. एकट्याने समजवायला जाऊ नका, ज्याचा शब्द तो मानतो अशा माणसाला पाठवा, मग तो मामा असो नाहीतर शाळेतला गुरुजी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नाव आणि फोटो टाकणं तर बिलकुल नको. आमच्याकडे एका घराचं नाव असं फिरलं आणि पुढचे कित्येक दिवस त्या आळीतलं कुणी ताप सांगेना. एवढं करूनही कुणी मुद्दाम करत असेल, तर तलाठी किंवा पोलिसांना लेखी कळवा. आणि तो सरपंचाचा चुलत भाऊ असला तरी कळवा.

आणि वाळीत टाकणं अजिबात नको. आपल्याकडे गावकीला ही जुनी खोड आहे, रायगड-रत्नागिरीत त्यावरून किती घरं उद्ध्वस्त झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी बंद, दुकान बंद, मयतीला कुणी जायचं नाही, हे साथीच्या नावाखालीही गुन्हाच आहे. 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या वडिलांना विलगीकरण संपल्यावरही कुणी बोलत नव्हतं असं तुम्ही लिहिलंय. ते नियमात बसणारं नव्हतं, साथीशी त्याचा संबंध नव्हता. त्यांचा राग रास्त आहे. गावी या म्हणून त्यांच्यामागे लागू नका. गावातल्या वडीलधाऱ्याने आधी त्यांना फोन करायला हवा.

तुम्हाला काही करायचंच असेल तर मुंबई मंडळाच्या पुढच्या सभेत एक विषय घ्यायला लावा. वाडीतल्या कोणत्या बंद घरांचे मालक अडचणीच्या वेळी घर द्यायला तयार आहेत, त्यांची नावं, चावी कुणाकडे, संडास-पाणी आहे का, याची यादी ग्रामीण मंडळ आणि मुंबई मंडळ मिळून करा, मालकाची सही घ्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. साथच यावी असं नाही; वादळात कौलं उडाली तरी ती यादी कामाला येते. आम्ही केलेला तक्ता माझ्याकडे आहे. हवा असेल तर निरोप टाका, पाठवून देतो.