सिम रेसिंगसाठी १,८५,००० रुपयांचा सेट ईएमआयवर: घ्यावा का?

हडपसरच्या एका वाचकाचा प्रश्न आधी थोडक्यात. वय २९, हातात येणारा पगार ६८,०००. भाडं आणि घरखर्च २४,०००, सांगलीला आईवडिलांना ८,०००, स्वतःचा बाकी खर्च १३,०००, एसआयपी १०,०००. म्हणजे महिन्याला १३,००० उरतात. एफडी आणि बचत खातं मिळून १,५०,०००, शिवाय नुकताच ४०,००० बोनस आलाय. टर्म आणि आरोग्य विमा स्वतःचा आहे, कर्ज नाही.

सिम रेसिंग म्हणजे स्टिअरिंग व्हील आणि पेडल लावून संगणकावर खेळायची कार रेस. त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी त्यांनी लॉजिटेक जी२९ हा व्हील आणि पेडलचा संच घेतला. तो जेवणाच्या टेबलाला लावून, ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसून, ते पीसीवर ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा रेसिंग गेम खेळतात. मोंझा या इटलीतल्या ट्रॅकवर जीटी३ प्रकारच्या रेसिंग गाडीत एका लॅपला (फेरीला) १:५६ मिनिटांपासून सुरुवात झाली, आता सर्वोत्तम लॅप १:५०.८ आहे, मात्र वीस लॅपची सरासरी १:५३.४. दुकानदाराचं कोटेशन असं: डायरेक्ट ड्राइव्ह बेस (व्हील थेट ज्या मोटरवर बसतं तो भाग), व्हील आणि पेडलचा संच ६२,०००; ॲल्युमिनियम प्रोफाइलची रिग (हे सगळं बसवायचा सांगाडा) सीटसह ४८,०००; २७ इंची तीन मॉनिटर आणि स्टँड ५७,०००; एच-शिफ्टर (गिअरचा दांडा) आणि हँडब्रेक १८,०००. एकूण १,८५,०००, १८ महिने नो कॉस्ट ईएमआय, हप्ता १०,२७८. दीड वर्ष एसआयपी थांबवून हे घ्यावं का, असं त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर: अपग्रेड जरूर करा, पण हे कोटेशन नको आणि एसआयपीला हात लावू नका. तुमची प्रगती खरी आहे, आठ महिने तुम्ही नेमानं गाडी चालवताय, त्यामुळे या छंदावर पैसे घालणं मला पटतं. फक्त पैसा जिथे अडलंय तिथे पडायला हवा.

कुठे अडलंय ते तुमचेच आकडे सांगतात. सर्वोत्तम लॅप आणि सरासरी यांत २.६ सेकंदांचा फरक आहे. १:५०.८ ची लॅप याच जी२९ वर आली, म्हणजे व्हील तेवढा वेग देतं. तुम्हाला तो वेग प्रत्येक लॅपला परत काढता येत नाही, आणि याचं पहिलं कारण बहुधा ब्रेक असतं. मोंझाच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, गाडी ताशी २६० किलोमीटरच्या आसपास येते. त्या वेगात ती सेकंदाला ७२ मीटर कापते. ब्रेक दशांश सेकंद उशिरा लागला तर सात मीटर पुढे गेलात. शिवाय वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडायचा असतो, तो प्रत्येक वेळी सारखाच सुटायला हवा. जी२९ चा ब्रेक पेडल किती सरकलं ते मोजतो, त्यात शेवटी रबराचा कडक ठोकळाही लागतो. पायाला मात्र अंतरापेक्षा दाब चांगला लक्षात राहतो. लोड सेल पेडल दाबच मोजतं, म्हणून त्यावर सातत्य लवकर येतं.

पण लोड सेल ब्रेकवर पाय ३०-३५ किलोचा जोर देतो. चाकाच्या खुर्चीत बसून तो जोर दिला की खुर्ची मागे जाते आणि पेडल पुढे सरकतं. टेबलावर डायरेक्ट ड्राइव्ह बेस लावला तर टेबलच हलतं आणि तुम्ही ज्या बारीक कंपनांसाठी पैसे मोजले ती टेबलात जिरतात. म्हणून क्रम असा: आधी पक्की बैठक, मग ब्रेक, त्यानंतर व्हील.

बैठकीसाठी ४८,००० मोजायची गरज नाही. जवळच्या फॅब्रिकेटरकडून ४० बाय ४० मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइपची रिग करून घ्या. आठ-नऊ मीटर पाइप लागतो, पण तो सहा मीटरच्या नळीत मिळतो, म्हणजे दोन नळ्या, साधारण २९ किलो लोखंड. पेडलखाली ५ मिलिमीटरची प्लेट घ्या. पातळ पत्रा जोर दिला की वाकतो आणि ब्रेकचा अंदाज पुन्हा चुकतो. व्हीलसाठी दोन पायांच्या मध्ये एकच खांब उभा करू नका, तो थरथरतो. दोन्ही बाजूंना खांब, वर आडवा पाइप आणि मागून तिरका आधार द्या. व्हीलची प्लेट वेल्ड न करता नटबोल्टवर ठेवा. जी२९ च्या बुडाला एम६ बोल्टची दोन भोकं आहेत, उद्याच्या बेसची भोकं वेगळी असतील, तेव्हा फक्त प्लेट बदलावी लागेल. सीट जुन्या गाडीची घ्या, स्लायडरसकट, पण बाजूला एअरबॅग असलेली नको. फ्लॅटमध्ये राहता, तर रिगखाली जाड रबर मॅट हवीच. ब्रेकचा धक्का खालच्या घरात ऐकू जातो. सीट, वेल्डिंग, रंग आणि टेम्पो धरून १२,००० ठेवा.

कोटेशनमधले १८,००० तर सरळ काढून टाका. जीटी३ गाडीचे गिअर व्हीलमागच्या पॅडलनं, म्हणजे बोटांनी ओढायच्या पट्ट्यांनी, बदलतात. तुम्ही खेळता त्या प्रकारात एच-शिफ्टरला काम नाही, आणि हँडब्रेक लागतो तो रॅलीत किंवा ड्रिफ्टिंगमध्ये.

तीन मॉनिटरचा खर्च ५७,००० वर थांबणार नाही. १०८० पी चा एक मॉनिटर म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, तीन म्हणजे ६२ लाख. तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. पावसाच्या रेसमध्ये वीस गाड्यांच्या गर्दीत त्याची दमछाक होईल आणि दोन महिन्यांत तुम्ही ४०-५० हजारांच्या कार्डच्या शोधात निघाल, कदाचित पॉवर सप्लायही बदलावा लागेल. म्हणजे १,८५,००० च्या कोटेशनचा खरा आकडा सव्वादोन लाखांच्या पुढे जातो. सध्या आहे तोच मॉनिटर जवळ आणा. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर ठेवला तर तो नजरेचा ३७ अंशांचा भाग व्यापतो, ६० सेंटिमीटरवर ५३ अंश. रिग झाल्यावर मॉनिटर व्हीलच्या लगेच मागे येतो, तेव्हा गेममधला फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसेल तो आकडा) त्या अंतराप्रमाणे नव्यानं भरा. सुरुवातीला चित्र अरुंद आणि वेग कमी वाटेल, पण वळण किती दूर आहे ते खरं दिसू लागेल.

आता ईएमआय. नो कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नसतं. बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून आधीच वळती करते. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला, तर १०,२७८ च्या १८ हप्त्यांत मुद्दल सुमारे १,६३,५०० आणि व्याज सुमारे २१,५०० येतं. क्रेडिट कार्डच्या ईएमआयमध्ये या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे जवळपास ३,८७० रुपये, आणि तो तुम्हीच भरता. प्रोसेसिंग फी वेगळी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जी २१,५०० ची सवलत बँकेकडे जाते, तिच्यातला काही भाग रोखीनं घेणाऱ्याला मिळू शकतो. दुकानदाराला थेट विचारा: ईएमआय नको, यूपीआयनं पैसे दिले तर भाव काय? एखादा हप्ता चुकला तर लेट फी आणि थकबाकीवर वर्षाला ४० टक्क्यांच्या घरातलं व्याज लागतं. तुमच्या महिन्यात हा हप्ता बसवला तर हातात २,७०० उरतात. सांगलीला एकदा अचानक जावं लागलं की ते संपले.

म्हणूनच तुम्ही एसआयपी थांबवायचं म्हणता, आणि मला काळजी वाटते ती याचीच. १८ महिन्यांचे १,८०,००० आज गुंतवले आणि पुढची वीस वर्षं वर्षाला १० टक्के परतावा मिळाला, असं धरलं तर ती रक्कम सुमारे १२ लाख होते. दहा टक्क्यांची हमी कुणी देत नाही, हे धरूनच सांगतोय. आणि थांबवलेली एसआयपी बरेच जण ठरल्या तारखेला पुन्हा सुरू करत नाहीत.

दुसरी उणीव आपत्कालीन निधीची. तुमचा अत्यावश्यक खर्च ४५,००० आहे, सहा महिन्यांचे २,७०,००० हवेत, आहेत १,५०,०००. घरी आईवडील तुमच्या पैशांवर अवलंबून असताना यात तडजोड नको.

तर पैसे असे लावा. बोनसचे २०,००० एफडीत, २०,००० छंदाच्या वेगळ्या खात्यात. महिन्याला उरणाऱ्या १३,००० मधून ७,००० ची आरडी, ६,००० छंदाला. पहिल्या महिन्यात रिग. तिसऱ्या महिन्याअखेर खात्यात २६,००० होतील, त्यातून लोड सेल पेडल घ्या, साधारण २२,००० धरा. पीसीवर ते यूएसबीनं स्वतंत्र जोडता येतात आणि जी२९ व्हीलबरोबर चालतात. घेण्याआधी यूएसबी आहे का ते बघा. प्लेस्टेशनवर असं वेगवेगळ्या कंपन्यांचं जमत नाही. जुन्या पेडलचा दाब एकदम सुटतो किंवा नुसत्या स्पर्शानं ब्रेक दिसतो, असं होत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये (पेडल किती सरकलं ते मोजणाऱ्या भागात) धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, तीन महिने निघतील.

नवं पेडल आल्यावर पूर्ण ब्रेकसाठीचा जोर आधी ३० किलोवर ठेवा आणि पाय बसला की वाढवा. पहिले दोन आठवडे लॅपची वेळ वाढेल, सेटिंग रोज बदलू नका. गेममध्ये मोटेक या सॉफ्टवेअरसाठीची टेलिमेट्री (लॅपमधल्या ब्रेक-वेगाची नोंद) मोफत निघते; पहिल्या शिकेनचा ब्रेकचा आलेख दहा लॅपचा एकावर एक ठेवून बघा. दाबाचा शेंडा एकाच जागी येतोय का आणि सुटणारी रेष सारखी उतरतेय का, एवढंच तपासा.

बेससाठी माझी अट अशी: मोंझावर वीस लॅपची सरासरी तुमच्या सर्वोत्तम लॅपच्या एका सेकंदात यायला हवी, आणि ती दुसऱ्या एखाद्या ट्रॅकवरही. तोवर ६,००० साठत राहू द्या; अकराव्या महिन्याअखेर ५२,००० होतील. पाच-साडेपाच न्यूटन मीटर (व्हील फिरवणाऱ्या जोराचं माप) देणारा बेस भरपूर आहे. जी२९ जेमतेम सव्वादोन देतं, त्यामुळे फरक लगेच कळेल. पेडलशिवाय बेस आणि व्हीलचा भाव लेखी घ्या. कधी पूर्ण संचच स्वस्त पडतो, तर तो घेऊन साधे पेडल विका. परदेशातून मागवण्याच्या मोहात पडू नका. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीसह वाहतूक आणि विम्यावरही लागतं, आणि इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

स्पर्धांच्या बक्षिसातून खर्च निघेल, असंही तुम्ही लिहिलंय. हिशोबात तो शून्य धरा. मिळालंच तर ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि वर सेस आहे.

नवा बेस दोन आठवडे नीट चालेपर्यंत जी२९ विकू नका. खोका, बिल आणि ॲडॉप्टर जपून ठेवा. १४,००० आले तर ते आपत्कालीन निधीत टाका; मग २,७०,००० चा टप्पा तेराव्या महिन्यात पूर्ण होतो आणि ७,००० ची आरडी मोकळी होते. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटरचा विचार तेव्हा करू.