फेसात नॅनोकण घालण्याआधी

आधी एक सांगतो, दाबाखाली प्लास्टिकमध्ये वायू विरघळवून आणि मग दाब सोडून आपण जो फेस करतो, त्यात नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) जास्त घातले की तो आपोआप बारीक होतो, हे डोक्यातून काढून टाक. कणाचं काम एवढंच की विरघळलेल्या वायूला बुडबुडा धरायला जागा द्यायची. कणाच्या पृष्ठभागावर बुडबुडा जन्मायला कमी ऊर्जा लागते, म्हणून बुडबुडे संख्येने वाढतात आणि आकाराने लहान राहतात. पण हे कण सुटे असतील तरच! गुठळी झाली की हजार कण मिळून एकाच कणाचं काम करतात, वर तिथेच बुडबुड्याची भिंत फाटते. माझे पहिले कित्येक नमुने असेच वाया गेले, आणि मी दोष देत होतो दाबाला.

म्हणून १ टक्क्यापासून सुरुवात कर. कण सिलिकाचे असोत की नॅनोक्लेचे (चिकणमातीचे नॅनोकण), आधी नीट वाळव. ओलावा स्वतःच वाफ होऊन फुगवतो आणि निष्कर्ष फसवे येतात. कार्बन डायऑक्साइड वापरणार असशील तर ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बारच्या वर तो अतिक्रांतिक होतो, म्हणजे वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेत जातो. दाब झटकन सोड, सावकाश सोडलास तर मोजकेच बुडबुडे फुगत बसतात. आणि तुलनेसाठी बिनकणांचा नमुना प्रत्येक वेळी सोबत कर, कंटाळा आला तरी. छेद घेताना नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोड. ब्लेडने कापलास तर पेशी, म्हणजे बुडबुड्यांचे कप्पे, चिरडतात.