वाचकांचे प्रश्न : ट्रकच्या केबिनमध्ये लाकडी फ्लोअरिंग

प्रश्न : घरकामातून 8 मिलिमीटर जाडीच्या लॅमिनेटच्या फळ्या उरल्या आहेत. ट्रकच्या केबिनमध्ये मूळ रबर मॅटवरच त्या टाकल्या तर चालेल का?

उत्तर : मॅटवर नको. वरून ती घट्ट रबराची दिसली तरी खाली बहुधा फोमचा किंवा फेल्टचा मऊ थर असतो. पाय पडला की तो दबतो, फळी लवते आणि फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या क्लिक सांध्याची जीभ तुटते. मॅट उचला, पण फेकू नका; कापणीसाठी इतका चांगला नमुना दुसरा मिळणार नाही. तिची जाडीही मोजून ठेवा. दाराच्या उंबऱ्याची पट्टी आणि गिअर लिव्हरचं रबरी आवरण त्या जाडीला बसतं, म्हणून नवा थर शक्यतो तेवढाच ठेवायचा.

मॅटखाली ओल किंवा गंज दिसला तर काम तिथेच थांबवा. पाणी बहुतेक वेळा दाराच्या रबरातून, पुढच्या काचेच्या कडेतून किंवा एसीच्या तुंबलेल्या निचरा नळीतून येतं. आधी ते बंद करा, मग गंज घासून प्रायमर आणि रंग द्या आणि पूर्ण सुकू द्या. ओला पत्रा झाकला तर तो आतल्या आत सडतो आणि वरून काहीच कळत नाही.

पत्र्याला मजबुतीसाठी उभार आणि खाचा असतात. खाचांत पाणी न शोषणाऱ्या फोमच्या पट्ट्या भरून त्या उभारांच्या पातळीला आणा. त्यावर 6 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय टाका, कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. त्यावर 2 मिलिमीटरचा फोम आणि मग फळ्या, म्हणजे एकूण 16 मिलिमीटर. एवढी जागा नसेल तर 8 मिलिमीटरच्या फळ्यांचा मोह सोडलेला बरा. प्लाय घट्ट धरायला पत्र्यात नवी भोकं पाडू नका. खालून वायरिंग आणि ब्रेकच्या हवेच्या नळ्या जातात. उंबऱ्याच्या पट्ट्या आणि मूळची भोकं यांवरच काम भागवा. फळ्यांच्या कडेच्या पट्टीला लागणारे स्क्रू प्लायमध्येच संपले पाहिजेत.

फळ्या 48 तास केबिनमध्ये आडव्या ठेवून मगच कापा. जिगसॉच्या साध्या पात्याचे दात वरच्या दिशेने कापतात, त्यामुळे डिझाइनची बाजू खाली ठेवा, नाहीतर कडेचे टवके उडतात. चारही बाजूंनी 5 ते 6 मिलिमीटर फट सोडा. घरात सांधे कोरडेच जोडतात. इथे धक्के आणि कंपन सतत असल्यामुळे सांध्यात डी-3 दर्जाचा पाण्याला टिकणारा गोंद लावा. करवतीने कापलेली प्रत्येक कड वॉर्निशने बंद करायची. हा कंटाळवाणा भाग बरेच जण टाळतात आणि पुढची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

फळ्या ड्रायव्हरच्या सीटच्या पुढच्या कडेपर्यंतच न्या, पेडलांखाली नको. टाच ठेवायची जागा उंचावली की ॲक्सिलरेटरवरचा पायाचा कोन बदलतो. पेडल तळाला जोडलेलं असेल तर ते पूर्ण दाबलंही जात नाही. शिवाय ओल्या बुटाखाली लॅमिनेट घसरतं. तिथे मूळ मॅटचा तुकडा परत बसवा आणि तो सरकणार नाही असा अडकवा.

प्रश्न : सीट काढून तिच्याखालीही फळ्या घातल्या तर काम जास्त सफाईदार दिसेल ना?

उत्तर : दिसेल, पण करू नका. सीटचा पाया आणि सीटबेल्टचे बोल्ट धातूवर धातू असेच आवळलेले हवेत. मध्ये लाकूड आलं की ते हळूहळू दबतं, बोल्टचा ताण उतरतो आणि धडकेच्या वेळी सीट उखडू शकते. फळ्या पायाभोवती कापा. कामासाठी सीट काढलीच तर बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, टॉर्क पान्यानेच आवळा.

प्रश्न : आमची केबिन पुढे कलणारी आहे. काही वेगळं करावं लागेल का?

उत्तर : हो. इंजिनच्या कामासाठी केबिन कलली की सुटी फळ्यांची चादर आपल्या वजनाने पुढे घसरते. 8 मिलिमीटर लॅमिनेटचं वजन चौरस मीटरला साधारण 7 किलो असतं. पुढच्या कडेला प्लायमध्ये ॲल्युमिनियमची कोन पट्टी लावा. पट्टीची वरची बाजू फळीवर नुसती टेकवा, फळीत स्क्रू मारू नका. इंजिनवरचं झाकण उघडत असेल तर त्यावरचा तुकडा वेगळा कापा, नाहीतर तेल तपासण्यासाठी अख्खी जमीन उपटावी लागेल.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी लॅमिनेट बसवलं. आता दाराजवळचे सांधे फुगलेत आणि किरकिर होते.

उत्तर : लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. सांध्यातून पाणी शिरलं की तो फुगतो आणि सुकल्यावर मूळ जाडीवर येत नाही. घासून सपाट करू गेलात तर वरचा थर जाईल. त्या फळ्या बदलाव्याच लागतील. नव्या फळ्या गोंदाने जोडा, दाराकडच्या फटीत वर सिलिकॉन भरा आणि पाय ठेवायच्या जागी उभ्या कडांचा रबरी ट्रे ठेवा. पावसात रोज गाडी चालत असेल तर एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या, फळ्या घ्या. त्यांच्या गाभ्यात लाकूड नसल्यामुळे पाण्याने त्या फुगत नाहीत. उन्हात उभ्या केबिनमध्ये त्याही प्रसरण पावतात, त्यामुळे कडेची फट त्यांनाही हवी.

किरकिरीचं कारण ऐकूनच सापडतं. गाडी उभी असताना पाय दिल्यावरच आवाज आला तर खाली पोकळी आहे. इंजिन नुसतं चालू असताना घरघर झाली तर फळीची कड कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. तिथे फट वाढवा. खडबडीत रस्त्यावरच टकटक होत असेल तर आधी उंबऱ्याच्या पट्टीचे स्क्रू बघा.

प्रश्न : चमक टिकवण्यासाठी कोणतं पॉलिश वापरावं?

उत्तर : कोणतंही नको. लॅमिनेट मेण शोषत नाही, नुसता चिकट थर बसतो. डॅशबोर्डचा सिलिकॉन स्प्रे तर जमिनीवर चुकूनही उडू देऊ नका. बुटाला लागून तो पेडलवर जातो. रोज मऊ ब्रशने वाळू काढा, कारण ओरखडे वाळूनेच पडतात. मग घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. ग्रीसला साबणाचा किंचित फेस पुरतो. पावसाळ्यानंतर उंबऱ्याची एक पट्टी उघडून प्लायच्या कडेखाली बोट फिरवा. ओल लागली तर त्याच दिवशी फळ्या उचला.