विमान कंपन्यांच्या लॉयल्टी योजनांचे नियम बदलल्यावर प्रवासाच्या सवयी कशा बदलाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यात राहता, कंपनीच्या कामासाठी वरचेवर दिल्लीला जाता आणि वर्षातून एकदा स्वखर्चाने मुलीकडे लंडनला जाता. विस्तारा या विमान कंपनीच्या क्लब विस्तारा योजनेतील आपली गोल्ड श्रेणी, विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर एअर इंडियाच्या महाराजा क्लब या योजनेत आली, त्याच सुमारास इंडिगोनेही ब्लूचिप नावाची स्वतःची योजना सुरू केली, आणि आता कोणत्या कंपनीला धरून राहावे हे आपल्याला ठरवायचे आहे. मीही पुण्याहूनच ये-जा करणारा, यंत्रसामग्रीच्या व्यवसायातला माणूस असल्यामुळे हा हिशेब मला नियमितपणे करावा लागतो. माझे मत असे आहे की कोणत्याही एका कंपनीला धरून राहण्याचे दिवस आता संपले आहेत. तिकीट वेळ, सोय आणि किंमत पाहून निवडावे आणि प्रवासावर जमा होणाऱ्या आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटांना हिशेबात जेवढा भाव निघेल तेवढाच द्यावा.

असे का म्हणतो, हे समजण्यासाठी नियम कोणत्या दिशेने बदलले ते पाहावे लागेल. अमेरिकन एअरलाइन्सने मे 1981मध्ये ॲडव्हान्टेज ही योजना सुरू केली तेव्हापासून पुढील तीन दशके बहुतेक कंपन्या उडालेल्या अंतरावर माइल्स, म्हणजे त्या योजनेतले पॉइंट, देत. दोन महिने आधी स्वस्तात घेतलेले तिकीट आणि आदल्या रात्री दुप्पट दराने घेतलेले तिकीट यांच्या माइल्समध्ये त्यामुळे फारसा फरक पडत नसे, आणि अंतर मोठे पण भाडे कमी असे मार्ग शोधून काढणाऱ्या चतुर प्रवाशांची चांदी होत असे. 2015मध्ये डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी कंपन्यांनी व 2016मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अंतर सोडून तिकिटाच्या रकमेवर माइल्स द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे विस्ताराची योजना पहिल्यापासूनच खर्चावर आधारलेली होती. एअर इंडियाने आपली जुनी फ्लाइंग रिटर्न्स योजना एप्रिल 2024मध्ये त्याच वळणावर आणली. पुढे 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि दोन्हींचे सभासद महाराजा क्लब या नावाखाली एकत्र आले.

यामागचे कारण सरळ आर्थिक आहे. या योजना आता विमान कंपन्यांसाठी स्वतंत्र धंदा बनल्या आहेत. बँका क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी पॉइंट घाऊक विकत घेतात आणि कंपनीला रोख पैसा मिळतो. 2020मध्ये करोनामुळे विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली माइल्स योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टाने त्याच मार्गाने 9 अब्ज. ज्या योजनेवर एवढे कर्ज मिळते, ती केवळ नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कौतुकासाठी चालवली जात असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नियम बदलण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये स्वतःकडे राखून ठेवलेला असतो आणि पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही, हेही तिथेच लिहिलेले असते. किंगफिशरची विमाने 2012मध्ये थांबली तेव्हा साठवलेल्या पॉइंटांना विचारणारे कोणी उरले नाही. जेटची विमाने एप्रिल 2019मध्ये थांबली, पण तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे पॉइंट इंटरमाइल्स या नावाने टिकले, मात्र ज्या विमानांसाठी ते जमवले होते ती विमानेच राहिली नाहीत.

आता हिशेबाकडे येतो, कारण सवयी खऱ्या अर्थाने तिथेच बदलतात. एका पॉइंटची किंमत काढण्याची रीत सोपी आहे. समजा, एखाद्या दिवसाचे दिल्लीचे तिकीट रोखीने 7,000 रुपयांना आहे आणि तेच 8,000 पॉइंट अधिक 1,000 रुपये कर असे मिळत आहे. रोख किमतीतून कर वजा केल्यावर 6,000 रुपये उरतात. त्यांना 8,000ने भागले की एक पॉइंट 75 पैशांचा निघतो. आता मूळ भाड्याच्या दर शंभर रुपयांमागे सहा पॉइंट मिळतात असे धरले, तर ती साडेचार टक्क्यांची सूट झाली. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, आपल्या श्रेणीचा चालू दर आणि आपल्या तारखांचे भाडे घालून ते आपण स्वतः काढावेत. मूळ भाडे हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण जीएसटी आणि विमानतळाचे शुल्क यांवर पॉइंट मिळत नाहीत. मूळ भाडे 6,000 असेल तर मिळणारी सूट 270 रुपयांची, तीही आज हातात न पडणारी आणि पुढे कमी होऊ शकणारी. तेव्हा दुसऱ्या कंपनीचे तिकीट 500 रुपयांनी स्वस्त असेल, किंवा तिचे विमान आपल्या बैठकीच्या वेळेला अधिक सोयीचे असेल, तर पॉइंटांकडे पाहून मन घट्ट करण्याचे काही कारण नाही. हा भागाकार करायला लागल्यापासून माझी निम्मी द्विधा मनःस्थिती संपली.

आपले दिल्लीचे तिकीट कंपनी काढते, त्यामुळे आपण म्हणाल की किमतीचा प्रश्न आपला नाही. काही अंशी ते खरे आहे. कंपनीच्या प्रवास नियमांत बसणाऱ्या दोन तिकिटांपैकी आपल्याला पॉइंट देणारे निवडण्यात गैर काही नाही. पण पॉइंटांसाठी मुद्दाम महाग विमान निवडणे आणि त्याला वेळेचे कारण चिकटवणे हा प्रकार मला पटत नाही, आणि हल्ली बहुतेक कंपन्यांच्या ट्रॅव्हल डेस्कला तो दिसतोही. तिकीट दुसरे कोणी काढत असेल तर सभासद क्रमांक बुकिंगच्या वेळीच नोंदवला गेला आहे ना, एवढे मात्र अवश्य पाहावे, आणि पॉइंट खात्यावर दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा. कंत्राटी कॉर्पोरेट भाड्यांवर काही वेळा पॉइंट कमी मिळतात, म्हणून तेही एकदा विचारून घ्यावे.

श्रेणीचा विचार पॉइंटांपासून वेगळा करायला हवा, आणि इथेच लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते. पॉइंट खर्च करता येतात. श्रेणी वर्षभर वापरली तरच कामाची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कमवावी लागते. आपल्या गोल्ड श्रेणीचा एक फायदा विलीनीकरणामुळे वाढला आहे, तो असा की एकमेकांच्या सभासदांना सोयी देणाऱ्या विमान कंपन्यांच्या स्टार अलायन्स या गटात विस्तारा नव्हती, एअर इंडिया 2014पासून आहे. त्यामुळे महाराजा क्लबच्या गोल्ड सभासदाला सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, तुर्की एअरलाइन्स अशा भागीदार कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासातही लाउंज, लवकर चेक-इन आणि जादा सामान यांची सोय मिळते, मग तिकीट इकॉनॉमीचे का असेना. मात्र एअर इंडिया एक्स्प्रेस त्याच समूहातली असली तरी स्टार अलायन्समध्ये नाही. समूहातील काही मार्ग एका कंपनीकडून दुसरीकडे जात असतात, म्हणून तिकिटावर नेमके कोणाचे विमान लिहिले आहे ते वाचण्याची सवय लावून घ्यावी.

ही श्रेणी टिकवण्यासाठी आपण काही वेगळे करावे का? माझा नियम असा आहे की श्रेणीचे वर्ष सुरू होताना पुढच्या बारा महिन्यांचे नक्की ठरलेले प्रवास मांडायचे. ते उंबरठ्यापर्यंत आपोआप पोहोचत असतील तर तिकिटे त्या कंपनीकडे वळवायची. थोडक्यात कमी पडत असतील तर थोडीफार ओढाताण करायची. आणि बरेच कमी पडत असतील तर त्या वर्षापुरती श्रेणी विसरून जायची. वर्ष संपत आले की श्रेणीसाठी विनाकारण एखादी फेरी करणारे लोक मला माहीत आहेत. अंतरावर हिशेब होता तेव्हा त्यात काही चातुर्य तरी होते, खर्चावर हिशेब असताना तो केवळ खर्च आहे. देशांतर्गत प्रवासात श्रेणीचे जे खरे सुख आहे, म्हणजे पुढची जागा, रांग आणि लाउंजमधला उपमा, ते लागेल त्या दिवशी पैसे देऊन घेतले तरी बहुतेकांना वर्षभरात स्वस्त पडते.

लंडनच्या प्रवासाचे गणित निराळे आहे आणि तिथे जरा जास्त लक्ष द्यावे. मुंबईहून थेट जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजने आपले नियम 1 एप्रिल 2025पासून पूर्ण बदलले. पूर्वी बिझनेस वर्गाच्या मुंबई-लंडन परतीच्या प्रवासाला 280 टिअर पॉइंट (श्रेणी ठरवणारे, खर्च न करता येणारे पॉइंट) मिळत आणि सिल्व्हर श्रेणीला 600 लागत, म्हणजे सवलतीत घेतलेल्या अशा दोन फेऱ्या आणि युरोपातला एखादा छोटा प्रवास एवढ्यात काम होत असे. आता एका पौंडाला एक टिअर पॉइंट असा हिशेब आहे आणि सिल्व्हरसाठी 7,500, तर गोल्डसाठी 20,000 पॉइंट लागतात. ब्रिटन सरकार जो हवाई प्रवासी कर घेते, तो या खर्चात धरला जात नाही. वर्षातून एकदा इकॉनॉमीने जाणाऱ्या माणसाने या शिडीकडे न पाहिलेलेच बरे. एविओस, म्हणजे ब्रिटिश एअरवेजचे तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, मात्र मिळतील ते घ्यावेत, कारण कतार एअरवेजनेही 2022पासून हेच चलन स्वीकारले आहे आणि दोन्ही खाती जोडता येतात.

याउलट एअर इंडियाने किंवा स्टार अलायन्सच्या एखाद्या कंपनीने गेल्यास आपल्या हातात एक पर्याय असतो, जो फार थोडे लोक वापरतात. प्रवास एअर इंडियाचा असला तरी त्याचे पॉइंट त्याच गटातील दुसऱ्या कंपनीच्या योजनेत, उदाहरणार्थ सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये किंवा तुर्की एअरलाइन्सच्या माइल्स अँड स्माइल्समध्ये, जमा करता येतात. भागीदारांच्या प्रवासावर या योजना सहसा अजूनही अंतर आणि तिकिटाचा बुकिंग वर्ग (भाड्याचा प्रकार दाखवणारे एक अक्षर) पाहून माइल्स देतात. लांबचा प्रवास, स्वस्त भाडे आणि तरीही अंतराच्या बऱ्यापैकी टक्के माइल्स देणारा बुकिंग वर्ग असे जुळून आले तर खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटांपेक्षा हे अधिक भरतात. पण सर्वांत स्वस्त वर्गांना काही योजना शून्य देतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी भाड्याच्या तपशिलातले ते एक अक्षर आणि त्या योजनेचा तक्ता ताडून पाहावा. आपल्याला गोल्ड टिकवायची असेल तर मात्र हा मोह टाळून सर्व काही महाराजा क्लबमध्येच टाकावे, कारण थोडे इकडे आणि थोडे तिकडे केल्याने दोन्ही खाती अर्धवट राहतात.

साठवणुकीची सवय मी पूर्णपणे सोडली आहे. पूर्वी कोणत्या मार्गाला किती माइल्स लागतील याचे तक्ते छापलेले असत. युनायटेडने ते 2019मध्ये काढून टाकले आणि आज अनेक योजनांत पॉइंटांची किंमत रोख भाड्याबरोबर वर-खाली होते. घरात नोटा दडवून ठेवणाऱ्याला महागाई जशी पोखरते, तसेच हे आहे, फक्त इथे महागाईचा दर तोच ठरवतो ज्याच्याकडून आपल्याला वस्तू घ्यायची आहे. त्यामुळे पुढच्या वर्ष-दीड वर्षात कोणता प्रवास करायचा हे डोळ्यांसमोर नसेल तर मी पॉइंट जमवण्यासाठी वेगळे कष्ट घेत नाही, आणि असेल तर पुरेसे होताच वापरून टाकतो.

पॉइंट विमान कंपनीकडे न ठेवता बँकेच्या कार्डावर ठेवावेत, म्हणजे लागतील तेव्हा हव्या त्या कंपनीकडे वळवता येतात, असा सल्ला आपल्याला मिळेल आणि तो बराचसा योग्य आहे. फक्त बँकाही नियम बदलतात. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटांचे चार माइल्स होत. 1 सप्टेंबर 2023पासून ते दोन झाले, म्हणजे एक लाख पॉइंट साठवणाऱ्याचे 80,000 माइल्स एका रात्रीत 40,000 झाले. विस्ताराच्या नावाने निघालेली कार्डे ज्यांच्याकडे होती, त्यांना तिकिटांच्या व्हाउचरचा आकर्षक भाग संपल्यावर वार्षिक शुल्काचा पुन्हा विचार करावा लागला. कार्डावरच्या मोफत लाउंजलाही आता अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीतल्या खर्चाची अट घातली आहे. अमुक कार्ड लाउंज देते, हे दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर गृहीत धरून विमानतळावर जाऊ नये.

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूने सांगायला हवी. नियम बदलल्याची घोषणा झाली की त्याच आठवड्यात सर्व काही मोडून टाकण्याचीही घाई नको. सप्टेंबर 2023मध्ये डेल्टाने श्रेणी आणि लाउंज यांच्या अटी एकदम कडक केल्या, प्रवाशांनी इतका संताप व्यक्त केला की कंपनीच्या प्रमुखांनी आपण जरा पुढे गेलो असे कबूल केले, आणि महिन्याभरात त्यातल्या बऱ्याच अटी सैल झाल्या. नवा नियम लागू होण्याची तारीख आणि जुन्या दराने पॉइंट वापरण्याची शेवटची तारीख, या दोन तारखा तेवढ्या टिपून ठेवाव्यात. जुन्या दराने पुढच्या प्रवासाचे तिकीट निघत असेल तर ते काढून घ्यावे.

आपल्यापुरते सांगायचे तर दिल्लीसाठी ब्लूचिप आणि महाराजा क्लब ही दोन्ही सभासदत्वे ठेवावीत, दोन्ही फुकट आहेत, आणि जे विमान वेळेला बरे त्यात बसावे. खात्यावर आज जे महाराजा पॉइंट आहेत ते लंडनसाठी वापरण्याचा विचार करत असाल तर आधी वरचा भागाकार लंडनच्या तिकिटावर करून पाहा. कर आणि अधिभार जबर असल्यामुळे पॉइंटांतले इकॉनॉमी तिकीट पुष्कळदा निराश करते, आणि तेच पॉइंट दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत महागलेल्या देशांतर्गत तिकिटावर अधिक भाव देऊन जातात. एअर इंडियाच्या एप्रिल 2024च्या आराखड्यानुसार चोवीस महिन्यांत एक तरी प्रवास केल्यास पॉइंट जिवंत राहतात, त्यामुळे मुदतीची धास्ती आपल्याला नाही. तरीही लंडनच्या तारखा नक्की झाल्या की त्याच दिवशी दोन्ही दर ताडून पाहा आणि पॉइंटांनी तिकीट काढण्यापूर्वी ते रद्द करण्याचे शुल्क किती आहे तेही वाचून घ्या.