नवी बॅटरी टाकूनही यूटीव्हीची बॅटरी उतरते. स्टेटर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की 570 सीसीची साइड-बाय-साइड गाडी (यूटीव्ही, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची छोटी कामाची चारचाकी) आहे, बागेत खताच्या गोणी आणि पाण्याचे कॅन वाहते, नवी बॅटरी टाकूनही आठवड्याभरात सेल्फ मारत नाही आणि गॅरेजवाले स्टेटर बदलायला सांगताहेत. इतक्यात स्टेटर (इंजिनच्या साइड कव्हरखालची वीज बनवणारी कॉइल) मागवू नका. इंजिनचं साइड कव्हर खोलणं हे या तपासणीतलं सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि त्याआधीच दोष सापडण्याची शक्यता बरीच आहे.

या गाड्यांना बहुधा कारसारखा बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलमध्ये (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकात) मॅग्नेट बसवलेले असतात आणि त्यांच्या आत स्टेटरची कॉइल. तिच्या तीन वायरींतून एसी निघतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि बॅटरीला 14 व्होल्टच्या आसपास ठेवतो. म्हणजे संशयित तीनच, आणि त्यांना जोडणारी वायरिंग. गडबड बहुतेकदा या वायरिंगमध्येच असते.

आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा आणि चार-पाच तास नुसती ठेवा. मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट किंवा जास्त दिसायला हवेत. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर नवी असली तरी ती बॅटरी खराब आहे. तिच्यावर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

आता गाडी मोकळ्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून सुरू करा. मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. 3000 आरपीएमला 13.8 ते 14.6 आले तर चार्जिंग ठीक आहे. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, गाडी लगेच बंद करा, नाहीतर बॅटरी उकळेल. 12.5 वरच अडकलं किंवा हळूहळू खाली आलं, तर पुढे जा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची जुनी सवय या गाडीवर वापरू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जातो.

पुढचं माप बहुतेक जण करतच नाहीत. हेडलाइट लावून, 3000 आरपीएमला, मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा. तसंच निगेटिव्हचं. दोन्हीकडे 0.2 व्होल्टपेक्षा कमी यायला हवेत. निगेटिव्हला 0.6-0.7 आले, तर चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट खोला. खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा आणि बोल्ट घट्ट आवळा. जांभ्याची लाल माती आणि पावसाचं पाणी बोल्टखाली शिरलं की हे हमखास होतं.

मग स्टेटरच्या तीन वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) काढा आणि नीट बघा. एखाद्या पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं असतं. कारण साधं आहे: 20 अँपिअर जाताना पिनमध्ये 0.1 ओहम जरी रेझिस्टन्स आला, तरी तिथे 40 वॅट उष्णता तयार होते. अंगठ्याएवढ्या कपलरमध्ये सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखंच. असा कपलर नुसता साफ करून भागत नाही. दोन्ही बाजूंच्या पिना नव्या क्रिंप करा, वायर काळी पडलेली असेल तिथपर्यंत कापून टाका.

कपलर निघालेलाच आहे, तर स्टेटरही तपासून घ्या. इंजिन बंद असताना तिन्हीपैकी एकही वायर बॉडीला कंटिन्युइटी दाखवता कामा नये. बीप वाजला तर कॉइल अर्थ झालीय. वायरींमधला ओहम मात्र फसवा असतो. खरा आकडा अर्ध्या ओहमच्याही खाली असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरी त्यात 0.2 ची भर घालतात. म्हणून इंजिन चालू करून एसी व्होल्टेज मोजा: 1-2, 2-3, 1-3. गाडीगणिक आकडा बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, पण तिन्ही जोड्या सारख्या हव्यात आणि आरपीएमबरोबर व्होल्टेज चढायला हवं. 50 व्होल्टच्या वरही जातं, तेव्हा पिनांना हात लावू नका. कपलर परत जोडून वीस मिनिटं गाडी चालवा, आणि इंजिन तापल्यावर या दोन्ही चाचण्या पुन्हा करा. गार असताना ठीक आणि तापल्यावर अर्थ होणारी कॉइल असते, आणि ती गॅरेजात सापडत नाही.

स्टेटर, वायरिंग, बॅटरी तिन्ही पास झाली तर रेग्युलेटर. डायोड टेस्टवर विसंबू नका, नव्या मॉस्फेट (ट्रान्झिस्टर स्विच) प्रकारच्या रेग्युलेटरवर ती काहीही दाखवते.

आणि सगळंच पास झालं तर? मग लोड मोजा. साधारण 500 वॅटचा स्टेटर जोरात चालताना जेमतेम 35 अँपिअर देतो, आयडलला त्याहून बराच कमी. फॅन, फ्युएल पंप, हेडलाइट, वर 120 वॅटचा एलईडी बार (सुमारे 9 अँपिअर), आणि गाडी बागेत दिवसभर शंभर मीटर जाऊन थांबते. विंच (दोर गुंडाळून ओढणारी मोटर) असेल तर ती भरात ओढताना शंभर अँपिअरच्या वर घेते, म्हणजे बहुतांशी बॅटरीवरच चालते. अशा वापरात स्टेटर नवा टाकलात तरी बॅटरी उतरणारच. विंच वापरताना इंजिनचा वेग वाढवून ठेवा, नंतर दहा-पंधरा मिनिटं गाडी पळवा.

चावी बंद असताना होणारी गळतीही बघून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर जोडा, पाच मिनिटं थांबा, सेल्फ मारू नका. 10-20 मिलिअँपिअर चालतात. 50 असतील तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे 30 अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत चाळीस टक्के रिकामी. एकेक फ्यूज काढत जा; जीपीएस ट्रॅकर किंवा थेट बॅटरीला जोडलेला स्टिरिओ सहसा सापडतो.

शेवटी स्टेटरच निघाला, तर त्यासोबत कव्हरचं गॅस्केट आणि वायरचा रबरी ग्रॉमेट (कव्हरमधून वायर बाहेर येते तिथलं सील) नवा मागवा. जुना ग्रॉमेट कडक झालेला असतो, आणि पुन्हा बसवला की तिथूनच ऑइल गळायला लागतं.