बुट्टे दिसालेत की! फोटोच्या कुलपाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सहज लिहिलं होतं की मोबाईलमधल्या फोटोंना कुलूप लावण्याबद्दल, म्हणजे किल्लीशिवाय उघडता येणार नाहीत असे ते गोंधळवून ठेवण्याबद्दल (यालाच एन्क्रिप्शन म्हणतात), कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, तर वडगावपासून निपाणीपर्यंतचे मेसेज येऊन पडलेत, त्यातले पाच घेतो. एक आधीच सांगतो. बेळगावात की फुकट मिळते, बस की, खा की, जाऊन ये की, म्हणून या सदरात कुलपाच्या कीला मी किल्लीच म्हणणार आहे नाहीतर निम्मी वाक्यं कुणाला कळायची नाहीत.

प्रश्न (वडगावचे एक विणकर): साडीची नवीन डिझाईन मी फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवतो. दोनदा असं झालं की माझा माल मागावरून उतरायच्या आधीच तीच डिझाईन दुसऱ्याच्या दुकानात टांगलेली. पुतण्या म्हणाला फोटो एन्क्रिप्ट करून पाठव, त्यानं कॉम्प्युटरवर करून पण दाखवलं, रंग सगळे इकडचे तिकडे झाले पण बुट्टे दिसालेत की! हे कसलं कुलूप?

काका, तुम्ही जे बघितलं ते बघायला इंजिनिअरिंगची पोरं एक अख्खं सेमिस्टर घालवतात. पुतण्यानं वापरलं ते कुलूप बहुतेक एईएस असणार, आणि ते कुलूप चांगलंच आहे, दोन बेल्जियन माणसांनी बनवलं आणि 2001 साली अमेरिकेनं ते स्टँडर्ड म्हणून घेतलं, आज बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत तेच चालतं. चूक कुलपात नाही, लावायच्या पद्धतीत आहे. एईएस एका वेळी फक्त 16 बाईटचा तुकडा घेतं. रंगीत फोटोत एका पिक्सेलला 3 बाईट लागतात म्हणजे एका घासाला पाच पिक्सेल आणि वर थोडं. आता तुमच्या साडीचं अंग प्लेन हिरवं, म्हणजे हिरवे हिरवे सारखेच हजारो तुकडे एकाला एक लागून, आणि पुतण्यानं जर ईसीबी नावाची पद्धत घेतली असेल तर तिच्यात एकसारख्या तुकड्याचं उत्तर दरवेळी एकसारखंच येतं. मग काय, सगळ्या हिरव्याचं मिळून एकच काहीतरी राखाडी-जांभळं झालं, बुट्ट्याच्या जरीचं दुसरं काहीतरी झालं, आणि बुट्टा जिथल्या तिथं. जॅकार्डच्या मागावर तुम्ही पंचकार्ड तेच ठेवून फक्त बाण्याचा रंग बदलला तर डिझाईन बदलते का? तसंच हे. इंटरनेटवर लिनक्सच्या पेंग्विनचा असाच एक एन्क्रिप्ट केलेला फोटो फिरत असतो, त्यात पेंग्विन पोटासकट ओळखू येतो.

फोटोची गंमतच ही आहे. चिठ्ठीत एका अक्षराशेजारी दुसरं कुठलं येईल नक्की सांगता येत नाही पण फोटोत शेजारचा पिक्सेल जवळजवळ आपल्या शेजाऱ्यासारखाच असतो, आभाळ असेल तर नुसतं आभाळच. म्हणून सीबीसी पद्धतीत आधीच्या तुकड्याचं उत्तर पुढच्या तुकड्यात मिसळून मग कुलूप लावतात, आणि सीटीआरमध्ये 1, 2, 3 असे चालत जाणारे आकडे एन्क्रिप्ट करून ते फोटोवर मिसळतात, त्यामुळं तोच हिरवा प्रत्येक वेळी वेगळा होऊन बाहेर पडतो. आजच्या घडीला जीसीएम घ्या, त्यात वरून लाखेच्या सीलसारखी एक खूण पण लागते, वाटेत कुणी एक बिट जरी हलवला तरी फाईल उघडायला नकार देते. फक्त दर फाईलला नवा नॉन्स पाहिजे, नॉन्स म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, तो त्याच किल्लीबरोबर परत वापरला की सगळं मुसळ केरात.

आता कामाचं. पुतण्याला प्रोग्रॅम लिहायला लावू नका, सेव्हन-झिप घ्या, त्यात सेव्हन-झेड फॉरमॅट निवडून पासवर्ड घाला, ते एईएस-256 वापरतं, खाली फाईलची नावं पण लपवायची खूण असते ती करा नाहीतर आत 'दिवाळी पैठणी बॉर्डर' हे नाव बाहेरूनच वाचता येतं. नुसती झिप करणार असाल तर त्यात झिपक्रिप्टो म्हणून जुनी पद्धत येते, ती 1994 सालीच फोडलेली आहे, ती नको. फाईल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पासवर्ड त्याच व्हॉट्सॲपवर पाठवू नका, फोन करून सांगा. गोंधळलेला फोटो 'फोटो' म्हणूनच पाठवायचा उद्योग करणारे पण आहेत, तिथं व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, थोडे बाईट इकडचे तिकडे होतात आणि मग कुलूप उघडतच नाही, व्यापारी म्हणतो तुमची फाईल खराब आहे ओ.

पण काका, खरं सांगू का, तुमची डिझाईन वाटेत चोरीला जात नाहीय. व्हॉट्सॲपवर 2016 पासून दोन्ही टोकांना एन्क्रिप्शन आहेच. गळती होते ती व्यापाऱ्यानं फोटो उघडल्यावर, त्याच्या गॅलरीतून, त्याच्या दुकानातल्या पोराच्या फोनवरून, आणि तिथं जगातलं कुठलंच एईएस येत नाही. म्हणून पहिल्यांदा अख्खी साडी दाखवूच नका, पदराचा एक कोपरा, कमी रिझोल्युशनचा, वर तुमचं नाव आडवं छापलेलं. आणि डिझाईन खरंच नवी असेल तर 2000 सालच्या डिझाईन कायद्याखाली नोंदवता येते, 10 वर्षं संरक्षण आणि पुढं 5 वाढवता येतात. मात्र अर्ज करायच्या आधी डिझाईन सगळीकडं दाखवून बसलात तर ती नवी राहत नाही, क्रम तेवढा सांभाळा.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, बेळगाव): सर, माझा प्रोजेक्ट केऑस बेस्ड इमेज एन्क्रिप्शन आहे. अरनॉल्ड कॅट मॅपनं पिक्सेल हलवतो आणि लॉजिस्टिक मॅपमधून आकडे काढून एक्सऑर करतो. एनपीसीआर 99.61 आणि यूएसीआय 33.46 आलंय, एन्ट्रॉपी 7.99. म्हणजे सिक्युअर आहे असं रिपोर्टमध्ये लिहू ना?

लिहू नकोस. रागावू नकोस पण, विषय छान घेतलायस. बाकीच्यांसाठी सांगतो, केऑस म्हणजे सुरुवातीचा आकडा जरासा हलला की पुढचं सगळं बदलतं असलं गणित, कॅट मॅप आणि लॉजिस्टिक मॅप ही त्यातलीच दोन सूत्रं, एक्सऑर म्हणजे दोन आकडे बिटाला बिट लावून मिसळणं, आणि एनपीसीआर, यूएसीआय, एन्ट्रॉपी हे फोटो किती गोंधळलाय ते मोजायचे आकडे. यातली मूळ कल्पना 1998 मध्ये फ्रिडरिच बाईंनी मांडली, आधी पिक्सेल जागेवरून हलवायचे आणि मग त्यांच्या किमती एकमेकांत मिसळायच्या, आणि त्याच्यामागं गणितज्ञ शॅननचं 1949 सालचं कन्फ्युजन आणि डिफ्युजन आहे, म्हणजे किल्लीचा आणि उत्तराचा संबंध लपवायचा आणि एका जागचा बदल सगळीकडं पसरवायचा. इथपर्यंत झकास.

आता तुझे आकडे बघू. एनपीसीआर म्हणजे दोन फोटोंतले किती टक्के पिक्सेल वेगळे निघाले तो आकडा, आणि 99.61 म्हणजे काय तर 256 मधले 255. दोन अगदी आंधळेपणानं घेतलेले बाईट सारखे निघायची शक्यता 256 ला 1, बास, एवढंच त्या आकड्यात आहे. तुझा एन्क्रिप्ट केलेला फोटो कचऱ्यासारखा दिसतो एवढं त्यातून सिद्ध होतं. कचऱ्यासारखं दिसणं आणि उघडता न येणं यात गणपत गल्ली आणि गोव्याएवढं अंतर आहे. कॅट मॅप घे, 256 बाय 256 चा फोटो त्यातून 192 वेळा फिरवला की मूळ फोटो जसाच्या तसा परत समोर येऊन उभा राहतो, 124 बाय 124 असेल तर 15 वेळातच. किल्ली लागतच नाही, फिरवत बसायचं नुसतं. शिवाय पिक्सेल हलवले तरी कुठला रंग किती आहे तो हिशोब बदलत नाही, काळा कोट घातलेल्या माणसाचा फोटो हलवून पण काळाच राहतो.

दुसरं, तुझा एक्सऑर. तुझे लॉजिस्टिक मॅपचे आकडे फक्त किल्लीवर अवलंबून आहेत ना, फोटोवर नाहीत? मग मी तुला एक पूर्ण काळा फोटो देतो, सगळे शून्य. शून्य कितीही हलवले तरी शून्यच, आणि शून्याशी एक्सऑर म्हणजे जो आकडा होता तोच. तुझ्या प्रोग्रॅममधून बाहेर येणार तो तुझा सगळा गुप्त प्रवाह, एका फोटोत. पुढं दुसरा कुठलाही फोटो त्याच किल्लीनं पाठव, मी तो प्रवाह काढून टाकतो आणि राहिलेलं कॅट मॅपमधून फिरवत बसतो. करून बघ आज रात्रीच, पाच मिनिटाचं काम आहे. या जातीचे कितीतरी पेपर असेच फुटलेत, दरवर्षी नवीन केऑस मॅप येतो आणि दोन वर्षांनी कुणीतरी तो फोडल्याचा पेपर येतो. 2006 मध्ये अल्वारेझ आणि ली यांनी असल्या पद्धतींकडून किमान काय काय पाहिजे हे नीट लिहून ठेवलंय, ते वाच.

आणि गणितातला केऑस कधी परत येत नाही, कॉम्प्युटरमधला येतो, कारण दशांशानंतरचे आकडे मोजकेच असतात, फिरून फिरून तो कधीतरी जुन्याच आकड्यावर आदळतो. वरून दोन मशीनवर राउंडिंग वेगळं झालं तर तुझ्या लॅपटॉपवर लावलेलं कुलूप गाईडच्या पीसीवर उघडायचं नाही, आणि ते व्हायव्हाच्या दिवशीच होणार, होतंच.

मी तुझ्या जागी असतो तर प्रोजेक्टचं नाव तेच ठेवून आत उलटं केलं असतं. आपली पद्धत बनवायची, मग काळ्या फोटोनं ती स्वतःच फोडून दाखवायची, आणि शेजारी एईएस-जीसीएमचे आकडे ठेवायचे, तुझ्या लक्षात येईल की ते पण 99.61 च देतं, फरक आकड्यात नाहीच. 1883 सालीच केर्कहॉफ्स नावाचा गुप्तलेखनाचा जाणकार सांगून गेलाय की पद्धत सगळ्या जगाला माहीत असू दे, फक्त किल्ली लपवा. परीक्षक खूश होतो की नाही ते मला माहीत नाही पण तू प्रश्नांना घाबरणार नाहीस.

प्रश्न (निपाणीच्या एक मावशी): कुणी ना कुणी आधारचा फोटो मागतं. मी फोनमधल्या काळ्या ब्रशनं नंबर खोडून पाठवते. चालतं ना?

मावशी, कसला ब्रश त्यावर आहे. फोनमधला हायलायटर पेन काळा दिसला तरी थोडा आरपार असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे हळूच वर येतात. धूसर करणं किंवा भोवऱ्यासारखं फिरवणं त्याहून कच्चं, एका गुन्हेगारानं आपल्याच फोटोत चेहरा असा फिरवून ठेवला होता, जर्मन पोलिसांनी तो उलटा फिरवला आणि 2007 मध्ये इंटरपोलनं फोटो जगभर लावला, माणूस सापडला. कापून टाकलेला भाग पण गेलाच असं समजू नका, 2023 मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये असा दोष निघाला की क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटमधला कापलेला भाग बऱ्याचदा परत काढता येत होता. तुम्ही सरळ आधारच्या साईटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. खोडायचा प्रश्नच मिटला.

प्रश्न (चिकोडी): पासवर्ड विसरलो तर एन्क्रिप्ट केलेले फोटो दुकानात नेऊन उघडून मिळतात का?

नाही मिळत. मिळाले असते तर ते कुलूपच नव्हतं. आमच्या घरचंच सांगतो, आईबाबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह स्कॅन करून आणल्या, मोठ्या हौसेनं हार्डडिस्कवर कुलूप लावून ठेवलं, पासवर्ड चांगला लांब केला, आणि विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं लिहिला. जानेवारीत बायकोनं कॅलेंडर बदललं, जुनं रद्दीत, तेरा रुपये किलोनं. डिस्क अजून कपाटात आहे, तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे आणि डिस्कला पण माहीत आहे. नशीब की आत्याकडं छापील अल्बम होता. तेव्हा पासवर्ड कागदावर लिहायला हरकत नाही, पण सोन्याच्या पावत्या आणि शेताचा उतारा ठेवता त्या पेटीत ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

प्रश्न (खानापूर तालुक्यातले एक शिक्षक): सायन्स प्रदर्शनात मुलांना एन्क्रिप्शन दाखवायचंय. शाळेत कॉम्प्युटर एकच, तो पण ऑफिसात. काही होईल का?

होईल की गुरुजी, आणि कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा भारी होईल. 1994 मध्ये नाओर आणि शमीर यांनी एक युक्ती काढली, तिला दोन पारदर्शक कागद पुरतात. चित्र काळं-पांढरं घ्या, मोठ्या चौकोनांचं, समजा शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. चित्रातल्या प्रत्येक चौकोनासाठी दोन्ही शीटवर चार बारीक घरांचा एक चौकोन काढायचा ज्यात दोन घरं काळी आणि दोन कोरी. कुठली दोन काळी हे दरवेळी नव्यानं चिठ्ठी टाकून ठरवायचं, मुलांना ते आवडतं. चित्रातली जागा पांढरी असेल तर दोन्ही शीटवर तीच घरं काळी, काळी असेल तर दुसऱ्या शीटवर बरोबर उलटी. एक एक शीट बघितली तर नुसती ठिपक्यांची रांगोळी, त्यातून कुठलाही हुशार माणूस काहीही काढू शकत नाही. एकावर एक ठेवली की पांढऱ्या जागी निम्मं काळं राहतं, काळी जागा पूर्ण भरते, आणि अक्षर उगवतं.

झेरॉक्सवाल्याकडं ओएचपी शीट मागा, लेझर प्रिंटरवाली, दुसरी मशीनच्या आत वितळते. बारीक घर दोन मिलिमीटरपेक्षा लहान करू नका, मुलांच्या हातानं शीट जुळत नाही मग. दोन्ही शीटच्या चारी कोपऱ्यांत अधिकची (+) खूण छापून घ्या, जुळवायला तीच कामाला येते. आणि एक शीट दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या हातात द्या, दुसरी आत टेबलावर.