एलटीओ लावलं आणि लिंकर मेला? आधी एवढंच करा

लिंकर म्हणजे कंपाइल झालेल्या फायली जोडून बायनरी बनवणारा प्रोग्राम; एलटीओ म्हणजे लिंक करतानाच सगळा प्रोग्राम एकत्र बघून केलेलं ऑप्टिमायझेशन. लिंक करताना ‘सिग्नल ९, किल्ड’ आलं म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नका. बहुतेक वेळा रॅम संपलेली असते आणि लिनक्सने लिंकरचा बळी दिलेला असतो. कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं की खात्री झाली.

क्लँग या कंपायलरला नुसतं ‘-एफएलटीओ’ दिलं की फुल एलटीओ चालतं: सगळ्या फायलींचा आयआर (कोडचं कंपायलरने बनवलेलं मधलं रूप) एकाच मॉड्यूलमध्ये ओतायचा आणि तो अवाढव्य ढीग ऑप्टिमाइझ करायचा. बाकीचे कोअर माशा मारत बसतात. तुम्ही ‘-एफएलटीओ=थिन’ने सुरुवात करा. त्यात आधी मॉड्यूलचे सारांश जोडले जातात, मग प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र थ्रेडवर. वेगाचा बराचसा फायदा तरीही पदरात पडतो. एलएलडी या लिंकरला कॅश डिरेक्टरी दिलीत तर पुढची बिल्डं आणखी हलकी.

नवख्यांच्या ठरलेल्या चुका:

- रोजच्या डीबग बिल्डलाही एलटीओ लावणं. फक्त रिलीजला ठेवा.
- निंजा या बिल्ड टूलला एकाच वेळी चार-पाच बायनरी लिंक करू देणं. सीमेकमध्ये (निंजाच्या बिल्ड फायली बनवणारं टूल) लिंकसाठी वेगळा जॉब पूल करा, एकच जॉब. मेमरीचा खरा घोळ बहुधा इथेच असतो.
- गरज नसताना पूर्ण ‘-जी’, म्हणजे सगळी डीबग माहिती. कमी माहितीचं ‘-जी१’ बघा.

स्वॅप (रॅमसारखी वापरलेली डिस्कवरची जागा) वाढवून बिल्ड होईलही, पण रखडत. पीजीओकडे (प्रोग्राम चालवून गोळा केलेल्या माहितीवरून केलेलं ऑप्टिमायझेशन) सध्या फिरकूच नका.